तो धैवत काढ

युकुलेलेवर डाव्या हाताचं एकही बोट न ठेवता चारही तारा वरून खाली छेडल्या तरी एक कॉर्ड वाजते. तुम्ही ती ऐकलेली आहे. ट्रॅव्हल व्लॉगच्या सुरुवातीला, बारशाच्या रीलमागे, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत. गोड, किंचित अर्धवट, कुठेतरी जायला निघालेली पण पोचायची घाई नसलेली. तारांचे सूर असतात जी, सी, ई, ए आणि चौघांची मिळून होते सी सिक्स्थ. युकुलेले विकत घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत आपण फोनवर ट्यूनर उघडून ते याच सुरांत लावतो. त्याला स्टँडर्ड ट्यूनिंग म्हणतात. ते स्टँडर्ड का, हे मी चार वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

माझं युकुलेले लॉकडाऊनमधलं. कॉन्सर्ट साइजचं, स्वस्तातलं, घरपोच आलेलं. आमचं डोंबिवलीतलं घर दोन खोल्यांचं. तेव्हा एका खोलीत माझी चार कॉर्डांवरची हिंदी गाणी आणि दुसऱ्या खोलीत दार लावून आईचा रियाज, अशी वाटणी होती. आई विशारद आहे. मैफली वगैरे कधी केल्या नाहीत. नोकरी, मी, आजीचं आजारपण, हे सगळं सांभाळून रोज पाऊण तास गायची आणि दर गुरुवारी बिल्डिंगच्या भजनी मंडळात असायची. माझ्या युकुलेलेबद्दल ती काही बोलायची नाही. तिला ते खेळणं वाटत असणार. मला तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा ज्यूसर वाटायचा, त्यामुळे फिट्टंफाट.

मग तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तो विषय तिथे मिटला. पण आवाजाच्या पडद्यांकडे जाणाऱ्या नसा थायरॉइडला खेटून असतात, त्यामुळे गाण्यावर परिणाम होऊ शकतो, विशेषतः वरच्या सुरांवर, हे सर्जननी आधीच समजावून सांगितलं होतं. ऑपरेशननंतर काही दिवस आवाजाला आराम द्या, असंही सांगितलं. आईने त्याचा अर्थ मौन असा घेतला. दुधाच्या हिशेबाची वही आणि पेन घेऊन ती घरभर फिरायची आणि त्यावर लिहून आमच्याशी भांडायची.

त्या दिवसांत घरात गाणं फक्त माझं होतं. तिचं दार उघडं आणि ती ऐकायला रिकामी, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गॅलरीत बसून नुसत्याच तारा छेडत होते. ती आली, वही माझ्यापुढे धरली. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘तो धैवत काढ.’

मला आधी कळेचना. तिने वहीत चार रेघा काढल्या आणि त्यांच्या टोकांना लिहिलं: प, सा, ग, ध.

सी म्हणजे हार्मोनियमची पांढरी एक. तिला सा धरलं की जी हा पंचम, ई हा गांधार आणि ए हा धैवत. प, सा, ग, ध. इतकी वर्षं मी जी-सी-ई-ए असं एखाद्या पासवर्डसारखं म्हणत होते आणि तो सरगम आहे हे मला सुचलं नव्हतं. आईच्या कानाला मात्र दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तिच्या दृष्टीने उघड्या तारा म्हणजे तानपुरा, म्हणजे जमीन. जमिनीत सा असतो, पंचम असतो. धैवत हा जाऊन यायचा सूर. वहीत तिने पुढे लिहिलं, ‘भूप सुरू करतेस आणि तिथेच सोडून देतेस. दिवसभर.’

ते वाचल्यापासून मला सी सिक्स्थ निरागसपणे ऐकता आलेली नाही.

मी पहिल्या तारेची खुंटी सैल करायला घेतली. ए पासून जी पर्यंत, म्हणजे दोन सेमिटोन खाली. तुम्हाला करून बघायचं असेल तर ट्यूनर ॲपमधला युकुलेलेचा मोड बंद करून क्रोमॅटिक निवडा, नाहीतर ते बापडं तुम्हाला पुन्हा पुन्हा ए कडे ढकलत राहील. खरं तर ॲप लागतही नाही. बहुतेक युकुलेलेंवर चौथी तार, म्हणजे तुमच्या नाकाजवळची, जाड सुराची नसून उंच जी ची असते. पहिली तार उतरवत उतरवत तिच्या सुराला आणायची. दोन्ही एकदम छेडल्या की आधी वांव-वांव-वांव अशी लाट ऐकू येते. दोन सुरांच्या कंपनांत सेकंदाला जितका फरक, तितक्या त्या लाटा. एक तार ३९२ वर आणि दुसरी ३९४ वर असेल तर सेकंदाला दोन. जवळ जाल तशी लाट संथ होते, लांबते आणि मग नाहीशी होते. दोन तारांची एक तार होते.

आई समोर खुर्चीवर बसून हाताने सांगत होती. तळवा खाली म्हणजे उतरव, वर म्हणजे चढव. लाट थांबली तेव्हा तिने डोळे मिटले. तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच सुराला लावतात, त्यांना जोडी म्हणतात. लहानपणी ती जोडी मिळवताना मी शेजारी बसून कंटाळलेली असायचे. आता माझ्या साडेतीन हजारांच्या युकुलेलेवर पंचमाची जोडी झाली होती. प, सा, ग, प. धैवत गेला होता. चारही तारा छेडल्या तर निखळ सी मेजर. पोचलेली कॉर्ड.

मला वाटलं, झालं. पण आईने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं: एवढासा. आणि ई च्या तारेकडे बोट केलं. गांधार उतरव.

मी ॲप दाखवलं. ई हिरव्या रेषेवर होता, अगदी मधोमध. तिने फोन उलटा ठेवला.

यावर आमचं वहीत बरंच भांडण झालं, ते सगळं लिहीत नाही. मुद्दा असा. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागलेली असेल आणि जवारी बरोबर असेल, तर तिच्यातून गांधार आपोआप ऐकू येतो. त्या सुराची कुठली तारच नसते. खर्जाच्या सुराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वरांश असतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तिचा कान त्या गांधारावर वाढलेला. ट्यूनर ॲप, पियानो, गिटार, हार्मोनियम, यांचा गांधार वेगळा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. एका सेमिटोनचे शंभर भाग केले तर आपल्या ॲपमधला ई स्वयंभू गांधारापेक्षा साधारण चौदा भागांनी चढा असतो. सी जर २६१.६ असेल तर ॲप म्हणतं ई ३२९.६. तानपुरा म्हणतो ३२७. (हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीसएक वर्षं बंदी घातली होती, तेव्हाच्या वादात हाही एक मुद्दा होता. आईची गुरुवारची सगळी भजनं हार्मोनियमवरच चालतात, हे मी वहीत लिहिलं. तिने उत्तर दिलं नाही.)

मी खुंटी केसभर फिरवली. ॲप लाल झालं. आईने मान हलवली, अजून. मी अजून फिरवली. एका जागी अख्खं वाद्य पोटातून वाजल्यासारखं झालं. आवाज मोठा झाला नाही, स्थिर झाला. छातीला टेकवलेल्या लाकडातून ते मला कळलं, ऐकू यायच्या आधी.

त्या रात्री मी या ट्यूनिंगचा शोध घ्यायला बसले आणि पहाटेपर्यंत बसले. माझी समजूत होती की ओपन ट्यूनिंग म्हणजे नवख्यांसाठीची पळवाट. निघालं उलटंच.

युकुलेले हवाईचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचे. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेली मदेइराची माणसं त्यात होती. त्यांच्यात तीन सुतार होते: मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो. मळ्याचे करार संपल्यावर तिघेही वाद्यं बनवायला लागले. मदेइराच्या लोकांकडे मशेत नावाचं चार तारांचं इवलंसं वाद्य होतं आणि राजांव नावाचं पाच तारांचं जरा मोठं. युकुलेलेने अंगकाठी घेतली मशेतची आणि सूर घेतले राजांवच्या चार तारांचे. आज आपण ज्याला स्टँडर्ड म्हणतो ते जी-सी-ई-ए तिथून आलं.

आणि मशेतच्या स्वतःच्या तारा? डी, जी, बी, डी. जी ला सा धरा: प, सा, ग, प.

म्हणजे आईने दुधाच्या वहीत जे मागितलं होतं ते या वाद्याच्या आईचंच ट्यूनिंग होतं. मदेइरात आजही तसंच लावतात. ब्राझीलमध्ये त्याचं भावंड आहे, काव्हाकिन्यो. सांबा आणि शोरो त्याच्याशिवाय होत नाही. तेही डी-जी-बी-डी. तिकडच्या माणसाला विचाराल तर आपलं ट्यूनिंग ‘ऑल्टरनेट’ आहे.

हवाईतली दुसरी गोष्ट मला याहून आवडली. १८३० च्या दशकात राजा तिसरा कामेहामेहा याने मोकाट वाढलेली गुरं आवरायला मेक्सिकोतून गुराखी बोलावले. त्यांच्यासोबत गिटार आल्या. हवाईच्या लोकांनी त्या हातात घेतल्या आणि आपल्या गळ्याला, आपल्या हाताला सोयीच्या वाटतील अशा तारा उतरवल्या. या पद्धतीचं नावच ‘की होआलू’. की म्हणजे खुंटी किंवा सूर, होआलू म्हणजे सैल करणं. इंग्रजीत स्लॅक की. अशी कितीतरी ट्यूनिंग तयार झाली आणि बरीचशी घरातल्या घरात ठेवली गेली. बाहेरचा कुणी आला की तारा पुन्हा मोडून ठेवायच्या, म्हणजे त्याला कळू नये. हे मी आईला सांगितलं (तोवर तिचं मौन सुटलं होतं) तेव्हा ती म्हणाली, “मग घराणीच की ती.” गॅबी पाहिनुईसारख्या वादकांच्या रेकॉर्ड १९४० च्या दशकात निघायला लागल्या, तेव्हा कुठे हे सूर घराबाहेर पडले.

त्या ट्यूनिंगांपैकी सगळ्यांत प्रसिद्ध आहे त्याचं नाव टारो पॅच. गिटारच्या सहा तारा डी, जी, डी, जी, बी, डी. प, सा, प, सा, ग, प. शेवटच्या चार घेतल्या की आमचं युकुलेले. टारो म्हणजे अळू. हवाईत अळूचा कंद उकडून, कुटून खातात, तिथलं ते मूळ अन्न. टारो पॅच म्हणजे अळूचं खाचर. आपल्याकडे अळू पानांसाठी लावतात, मोरीच्या पाण्यावर, मागच्या दाराला. आईला या ट्यूनिंगचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही, हे एवढं राहिलं. आता ती म्हणते, “तुझं ते अळू लाव.”

आणि हे सैल सूर आपल्याकडे फार आधी पोचलेत, हेही मला त्याच रात्री कळलं. हवाईतच गिटार मांडीवर आडवी ठेवून उघड्या तारांवर लोखंडाची कांब सरकवत वाजवायची पद्धत सुरू झाली. तिचं श्रेय जोसेफ केकुकूला देतात. टाऊ मो नावाचा हवाईयन वादक १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिला. ती गिटार हिंदी सिनेमात शिरली. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले आणि विश्वमोहन भट्टांनी तिच्यात फेरफार करून मोहनवीणा केली. तिने १९९४ मध्ये ग्रॅमी आणलं. आईच्या कपाटात १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची कॅसेट आहे. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि काबरांची गिटार. लहानपणापासून ती कॅसेट घरात वाजते आहे. त्यातल्या गिटारचा हवाईशी काही संबंध असेल असं आमच्या दोघींच्याही मनात कधी आलं नव्हतं.

आता वाजवण्याबद्दल. ओपन सी मध्ये सी ला बोट लागत नाही. पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की एफ, सातव्यावर जी. तीन कॉर्डांची गाणी एका बोटात होतात, आणि जगातली अर्धी गाणी तीन कॉर्डांचीच आहेत. पण एवढ्यावर थांबलात तर आठवड्याभरात कंटाळाल, कारण आडव्या बोटाने सगळं मेजरच वाजतं आणि सगळं एकाच चेहऱ्याने हसतं. खरी मजा बोटं कमी करण्यात आहे. दोन्ही जी तारा दुसऱ्या फ्रेटवर दाबा, मधल्या दोन मोकळ्या सोडा: ए मायनर. त्यात ई तारेचा पहिला फ्रेट जोडा: एफ. एफ मधून सी च्या तारेवर दुसरा फ्रेट वाढवा: डी मायनर. प्रत्येक वेळी एकच बोट वाढतं, आणि एक-दोन तारा तशाच वाजत राहतात. कॉर्ड बदलते तरी खालची जमीन हलत नाही. स्टँडर्डमध्ये मी चार वर्षं एका कॉर्डवरून दुसरीवर उड्या मारत होते. इथे एकाच खोलीत बसून खिडक्या उघडल्यासारखं होतं.

किंमतही आहे. ऑफिसच्या ग्रुपमध्ये आम्ही पाच जण महिन्यातून एकदा जमतो. तिथे कुणी “सी, जी, ए मायनर, एफ” म्हणून आकार दाखवला की माझ्या हाताला तो लागू पडत नाही. यूट्यूबवरचे बहुतेक धडे निरुपयोगी होतात. उतरवलेल्या पहिल्या तारेवरचा ताण साधारण वीस टक्क्यांनी कमी होतो, जोरात छेडली तर ती थरथरते. आणि आईचा तो केसभर उतरलेला गांधार! सी, एफ, जी या आडव्या बोटाच्या कॉर्डना तो सोन्यासारखा आहे, पण ए मायनरमध्ये तोच ई पंचमाच्या जागी येतो आणि तिथे चौदा भाग कमी म्हणजे सरळ बेसूर. एका तारेला दोन्ही घरं सांभाळता येत नाहीत. मी ऑफिसच्या ग्रुपला जाताना गांधार ॲपने लावते आणि घरी आले की उतरवते.

एवढं सगळं होईपर्यंत आई गात मात्र नव्हती.

बोलण्यात काही फरक नव्हता. फोनवर मावशीला काही कळलं नसतं. पण गायला बसली की मध्य सप्तकात ठीक चालायचं, नी पर्यंत जायचं, आणि तार षड्जावर आवाज फाटायचा. फाटायचा म्हणजे ओरखडा यायचा नाही. तिथे काहीच नसायचं. हवा असायची. ती दोन-तीनदा प्रयत्न करायची, मग स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी घासायला घ्यायची. इलेक्ट्रॉनिक तानपुरा टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. गुरुवारी मंडळातल्या काकू बोलवायला यायच्या, ती “पाठ दुखतेय” म्हणायची.

मंडळ गातं काळी पाचमध्ये. आईही जन्मभर काळी पाचमध्ये गायली. मी एकदा विचारलं, “आई, पट्टी उतरव ना. काळी चार घे.” दोन सेमिटोनांचा प्रश्न होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा महिनाभर विचारलं नाही. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पट्टी म्हणजे आपण कुठल्या सुराला सा मानून गातो तो. शास्त्र सांगतं की सा कुठेही धरा, राग तोच राहतो. पण माणूस तीस वर्षं एका जागी उभा राहून गायलेला असतो. गळ्याला, श्वासाला, अगदी कानामागच्या हाडाला ती जागा माहीत असते. तिच्या तोंडी “उतरली” हा शब्द वयस्कर गायिकांबद्दल यायचा. अमुक बाई आता पांढरी चारला उतरल्या. हळू आवाजात, कुणाचं काही वाईट झालंय असं.

ए ची जी केली तेव्हाही दोनच सेमिटोन होते. ते मी तिला बोलून दाखवलं नाही. माझी आई आहे ती, तिला असले दृष्टांत दिले की राग येतो.

मी वेगळंच केलं. युकुलेलेचा सा पांढरी एकवर, म्हणजे तिच्या काळी पाचहूनही दोन चढा. तिला त्यासोबत गाणं शक्यच नव्हतं. म्हणून मी सगळंच वाद्य उतरवायला सुरुवात केली. आधी दोन: काळी पाच. ती माझ्या शेजारी मटार सोलत बसली होती, गुणगुणायला लागली आणि वर जाऊन थांबली. “बंद कर,” म्हणाली. काही दिवसांनी अजून दोन: काळी चार. पण तिथे वाद्याने दगा दिला. मूळ ए पासून मोजलं तर पहिली तार सहा सेमिटोन खाली आली होती, म्हणजे तिच्यावरचा ताण निम्मा. तार लोंबायला लागली, फ्रेटवर आपटून गूं गूं करायला लागली. आई म्हणाली, “ही जवारी नव्हे, हा डास आहे.” त्या दिवशी खूप दिवसांनी ती हसली.

कॉन्सर्टच्या अंगात ते सूर नव्हते. ते बॅरिटोनच्या अंगात असतात. बॅरिटोन युकुलेले आकाराने छोट्या गिटारएवढं असतं. त्याचं स्टँडर्ड ट्यूनिंग डी, जी, बी, ई. पुन्हा तेच कोडं: जी ला सा धरा, प सा ग ध. पुन्हा तोच धैवत. ई ची डी करायची, झालं प सा ग प. आणि इथे चौथी तार खरोखर खालची आहे, मंद्र पंचम, तानपुऱ्याच्या पहिल्या तारेसारखा. सा येतो पांढरी पाचवर. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी चार. मी सेकंडहँड एक मिळवलं. एका खुंटीला भेग आहे, पण धरून राहते.

आणल्यावर आईला सा कुठला आहे ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिला विचारायची गरज नसते. पहिल्या रात्री तिने ऐकलं, गांधार उतरवून घेतला, एक आवर्तन नुसतं खालच्या पंचमाला आवाज लावला आणि झोपायला गेली. दुसऱ्या रात्री लाइट गेले होते. तिने यमन घेतला. यमनला हे ट्यूनिंग चालतं, गांधारावरच तर सगळी मदार. मी कॉर्ड वाजवल्या नाहीत. अंगठ्याने एकेक तार, सावकाश. ती वर चढत गेली. नी ला बराच वेळ थांबली. इतका वेळ, की माझा अंगठा चुकला. मग तार सा लागला. बारीक, किंचित हवेचा, पण लागला. ती तिथे राहिली नाही, लगेच खाली आली. कुणी पाहिलं नाही ना अशा घाईने.

मंडळात ती अजून जात नाही. तिथली पेटी काळी पाचवरच आहे आणि सगळ्या बायकांची पट्टी आपल्यासाठी बदलावी असं म्हणणाऱ्यांतली ती नव्हे. घरी मात्र आठवड्यातून तीन-चारदा जेवणानंतर वीस मिनिटं बसतो. भूप, यमन, बिहाग, देस. शुद्ध गांधाराचे राग. कधी मी तिच्या आलापाखाली हळूच पाचव्या फ्रेटवर बोट टाकते. तेव्हा ती डोळे न उघडता मान हलवते, नको म्हणून.

गेल्या रविवारी तिला भीमपलासी गायचा होता. भीमपलासीचा गांधार कोमल. आमच्या उघड्या तारांत शुद्ध गांधार ठाण मांडून बसलेला, दोघे एकमेकांच्या अंगावर येत होते. मी म्हटलं, “एक सेमिटोन उतरवून कोमल करू का? मायनर ट्यूनिंग होईल, तेही छान वाजतं.” मी खुंटीला हात घातला होता.

“कोमल सारखा वाजवून काय करू? भीमपलासीला तो जाता-येता लागतो. काढच तो गांधार. सा ला आण.”

“सा ला? चार सेमिटोन खाली?”

“हो. शेजारच्या सा ला मिळव.”

मी बी ची तार उतरवत नेली. बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट. मग ती लाट सुरू झाली, वांव-वांव-वांव. आईने तळवा किंचित खाली केला. लाट लांबत गेली आणि थांबली. प, सा, सा, प. षड्जाची जोडी. या ट्यूनिंगला हवाईत काही नाव आहे का मी शोधलं नाही. यात मेजर नाही, मायनर नाही, मला येणारं एकही गाणं यावर वाजत नाही. आईने घसा खाकरला, उशी पाठीशी नीट केली आणि म्हणाली, “आता वाजव. घाई करू नको.”